कोनाड्यात बसणारी गोळी

धुरपे, तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळी बोलली. शेजारची सोनावहिनी बोलली, तुझी धाकटी बहीण बोलली, वस्तीतल्या पोरी बोलल्या. तू कशी गोड स्वभावाची होतीस, कधी कुणाला दुखावलं नाहीस, असलं काय काय. मी मनात म्हटलं, ही नक्की कुणाबद्दल बोलतायत? तू दुखवायचीस. मला तर रोज. मग शाळेचे गुरुजी माझ्याकडं वळले, म्हणाले, काका, दोन शब्द बोला. मी उठलो, सतरंजीकडं बघितलं आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. भरून-बिरून काही आलं नव्हतं. बोललो असतो तर जे बाहेर पडायला नको तेच पडलं असतं, म्हणून बसलो.

गुरुजी नंतर म्हणाले, मग लिहून द्या, भोरच्या साप्ताहिकात देऊ. माझं शिक्षण चौथी पास. त्यावर पण तू म्हणायचीस, "चौथीत बसला असाल, पास झालेलं कुणी बघितलंय?" तर लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ गुरुजी बघतील. मजकूर मात्र बदलायचा नाही, हे त्यांना सांगून ठेवलंय.

चार पावसाळ्यांमागं तुझे सांधे धरले. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठलीस की तासभर हाताची मूठ वळायची नाही. एके दिवशी तू दारात बसलीस आणि म्हणालीस, "अवो, एवढा अंबाडा घाला माझा." मी घातला. कसला घातला, गवताचा पेंढा बांधतात तसा बांधला. नेमकी त्याच वेळी सोनावहिनी हंडा घेऊन चाललेली. थांबलीच ती.

"काय वो भावजी, बायकूला सासरी धाडताय का?"

तू खळखळून हसलीस. मी चिडलो, फणी फेकली. फणी फेकायला नको होती. त्याचं मी कधी बोललो नाही, आज लिहितोय.

डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. दुखणं हटायचं पण पोटात आग पडायची. तू सांगायची नाहीस. ताक प्यायचीस आणि कामाला लागायचीस. एकदा तुला शौचाला काळं झालं, चक्कर येऊन अंगणात पडलीस. भोरला नेलं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाला, गोळ्यांनी आत जखम झालीय, ह्या गोळ्या बंद. गोळ्या बंद म्हणजे दुखणं चालू. दोन वर्षं तू भाताच्या खाचरात पाय टाकला नाहीस.

आपली सावड चार घरांची. आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या, शेवटी आपल्या. प्रत्येक घरातनं दोन माणसं. त्या दोन वर्षांत आपल्या घरातनं मी एकटा जायचो, तरी बाकीच्या तिन्ही घरांनी आपलं भात कापून दिलं. कुणी वाकडा शब्द काढला नाही. फक्त सोनावहिनीचा मालक एकदा बांधावर चहा पिताना हसत हसत म्हणाला, "दादा, तुमची बैलजोडी सध्या एकाच बैलावर चाललीय." सगळे हसले, मी पण हसलो. घरी येऊन ते तुला सांगितलं. आता वाटतं, ते सांगायलाच नको होतं. जे सांगायला नको ते मी तुला बरोबर सांगायचो. तू भिंतीकडं तोंड करून झोपलीस.

नंदा तोवर पुण्यात कामाला लागली होती. आपली एकुलती एक लेक, भोरच्या कॉलेजातनं पुण्याला गेली, रसायनात शिकली, आणि मग कसल्या तरी प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर बसायला लागली. औषध बनवणाऱ्यांकडं कॉम्प्युटरचं काय काम, हे मला कळत नव्हतं. तुला पण कळत नव्हतं, पण तू वस्तीत अशी सांगायचीस जसं काय तूच तिथं हजेरी घेतेस.

मग भोरच्या डॉक्टरनं ती नवी गोळी लिहून दिली. हनीफभाईच्या मेडिकलात घेतली. हनीफभाई तुला म्हणाला, "मावशी, ही पोटाला धक्का लावत न्हाई. नवीन निघालीय." तू म्हणालीस, "नवी हाय तर आधी तूच खा, काय हुतंय बघू." तो म्हणाला, "माझे गुडघे चांगले हायेत, मावशी." तू म्हणालीस, "मग काय उपेग तुझा."

नंदा सुट्टीला आली तेव्हा खोक्यातला तो बारीक अक्षराचा कागद तिनं वाचला आणि तिचा चेहरा उजळला. "आई, ही आमच्याच कामातली हाय गं!" मग चुलीपाशी बसून तिनं तुला समजावलं. मी दारात विड्या वळल्यासारखं करत ऐकत होतो.

"असं समज, अंगात दोन जावा नांदतायत. दिसायला सारख्या. एक पोटाची राखण करते, आतनं सारवून घेते. दुसरी आग लावते, तिच्यानं सूज येते, ठणका लागतो. जुनी गोळी दोघींनाही खोलीत कोंडायची. म्हणून ठणका थांबायचा, पण पोट सारवायला कुणी उरायचं न्हाई."

"म्हंजे मी आन सोना," तू म्हणालीस.

"आता ऐक की. दोघींच्या खोल्या सारख्याच. पर दुसरीच्या खोलीत भिंतीला एक कोनाडा जास्ती हाय. एवढासा. औषधाचा कण त्या कोनाड्यात बरोबर बसंल असा घडवला, की तो दुसरीलाच कोंडतो. पहिलीच्या खोलीत तो मावतच न्हाई."

तू चुलीत लाकूड सरकवलंस. मग म्हणालीस, "आन तसा कण घडवायचा कुणी?"

"तेच तर आमचं काम. घडवायच्या आधी शोधायचा. लाखानं आकार असतात, आई. एकेक करून बघायला जल्म पुरायचा न्हाई. म्हणून कॉम्प्युटरला शिकवतो."

"ही गोळी तू केलीस?"

"न्हाई गं. ही परदेशातली. आमी ह्याच्या म्होरची शोधतोय."

"असू दे. तुझ्या वाणाची तर हाय," तू म्हणालीस, आणि त्या दिवसापासून ती 'लेकीची गोळी' झाली. नंदा ओरडायची, तू ऐकायची नाहीस.

खरं सांगायचं तर गोळीनं जादूच केली. पंधरा दिवसांत तू स्वतःचा अंबाडा स्वतः घातलास आणि मुद्दाम सोनावहिनीच्या दारावरनं दोनदा फिरून आलीस. त्या पावसाळ्यात तू भांगलणीला उतरलीस. बोटांची सूज सगळी गेली नव्हती. पाकिटातनं गोळी दाबून काढायला तुझ्या अंगठ्यात जोर नव्हता. ते काम माझं. रोज सकाळी चहाबरोबर मी गोळी काढून तुझ्या तळव्यावर ठेवायचो. दोन वर्षं ठेवली.

त्याच भांगलणीतलं आपलं भांडण आठवतं का? नंदा पण घोटाभर चिखलात उतरली होती आणि गवत समजून तिनं भाताचाच चूड उपटला. तू ठेवून दिलीस तिला. "एवढं शिकली आन भात वळखंना!"

ती म्हणाली, "सारखंच तर दिसतंय. तू कशानं वळखतीस?"

"मला काय ठावं? हात जातो."

नंदा चिखलात तशीच उभी राहिली. म्हणाली, "आई, आमचं यंत्र पण असंच हाय बघ. बसणारे कण दाखवायचे, न बसणारे दाखवायचे. हजारांनी दाखवायचे. मग कधी न बघितलेला कण पुढं ठेवला की ते सांगतं, बसंल का न्हाई. त्याला कृत्रिम बुद्धी म्हणतात."

मी बांधावरनं म्हटलं, "कृत्रिम म्हंजे खोटी."

तू वर न बघता म्हणालीस, "तुमाला खरी दिली हुती. काय दिवे लावले?"

मी नंदाला विचारलं, "का बसंल, ते सांगतं का तुझं यंत्र?"

"न्हाई आबा. बसंल एवढंच सांगतं. का ते आमाला पण नीट कळत न्हाई."

"मग त्याच्यावर इश्वास कसा ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवता का न्हाई?" तू कंबर सरळ केलीस. हातात उपटलेलं गवत तसंच. "तीस वर्सं भांगलते. मला तरी कुठं सांगता येतंय?"

"तुझा हात चुकला तर गवत ऱ्हातं. त्याचा चुकला तर माणूस जाईल."

"आन माणूसच चुकला तर?"

तेवढ्यात वरच्या खाचरातनं सोनावहिनीनं हाक मारली, चहा आला होता, आणि ते तिथंच राहिलं. मला उत्तर सुचलं नव्हतं. मी चहा पिताना पण शोधत होतो. तू विसरून गेलीस.

आता इथून पुढचं लिहायचं, त्यासाठीच वही घेतली.

दर रविवारी नंदाचा फोन यायचा, खाली हिर्डोशीत शंकरच्या दुकानात. तुला उतरण झेपायची नाही, मी जायचो. तू आधी पढवून पाठवायचीस, हे विचारा, ते विचारा, आणि परत आलो की शब्द न् शब्द काढून घ्यायचीस. कापणी सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील, तेव्हाचा रविवार. मी फोन कानाला लावला तर नंदाचा आवाज वेगळा.

"आबा, आईची ती गोळी आजपासून बंद करा."

"का? गुण हाय की."

"परदेशात माघारी घेतली. हृदयाला धोका हाय म्हणतात."

"तूच म्हणाली हुतीस, कोनाड्यात बसते, दुसरं कायच धरत न्हाई."

मग म्हणाली, "बसते, आबा. बरोबर कोनाड्यात बसते. पर ती दुसरी जाव नुसती आग लावणारी नव्हती. रक्तात गुठळी हुऊ ने म्हणून पण तीच राबत हुती. ते कुणी नीट धरलंच न्हाई. आमी पण न्हाई. यंत्राला आमी दोनच प्रश्न शिकवले, कोनाड्यात बसतं का, आन पोटाला सोडतं का. तिसरा विचारलाच न्हाई." मग परत, "बंद करताय ना? डॉक्टरला दुसरं काय तरी विचारा. मी बी इचारते हितं."

मी म्हणालो, व्हय.

चढ चढून वर आलो. तू उंबऱ्यात विळ्याला धार लावत बसली होतीस. दोन वर्षांपूर्वी ज्या हातांना भाकरी मोडवत नव्हती, त्या हातांनी. मला म्हणालीस, "काय म्हणाली लेक?"

"बरी हाय. तुझी चौकशी केली."

"आन?"

"आन काय? थंडी पडायला लागलीय म्हणाली पुण्यात."

"एवढंच बोलायला एवढा वेळ लावला व्हय?"

मी आत गेलो आणि पाणी प्यायलो. गोळ्यांचं पाकीट फळीवर होतं. मी त्याच्याकडं बघितलं.

धुरपे, मी स्वतःला काय सांगितलं ते सांगतो. म्हटलं, गोळी थांबवली तर ही परत भिंतीकडं तोंड करून झोपंल. म्हटलं, दोन वर्षं खाल्ली, आणखी आठ-दहा दिवसांनी काय होतंय? म्हटलं, शहरातली माणसं लगेच घाबरतात. हे सगळं खरंच मनात आलं. पण ह्या सगळ्याच्या खाली दुसरंच होतं. चार घरांतल्या तीन घरांचं भात उभं होतं, आपलं सगळ्यात शेवटी. मला परत एकट्यानं सावडीला जायचं नव्हतं. बांधावर बसून ती बैलजोडीची थट्टा ऐकायची नव्हती. म्हटलं, आपलं शेत उरकलं की सांगू. तुझ्या काळजीपोटी गप्प बसलो असं इथं लिहायचं मनात आलं होतं. लिहून खोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर गोळी दाबून काढली आणि तुझ्या तळव्यावर ठेवली. तू बघितलं पण नाहीस. तोंडात टाकलीस आणि विळा घेऊन निघालीस.

पुढच्या रविवारी नंदानं विचारलं, "बंद केली ना?" मी म्हटलं, "केली." तिनं विचारलं, "दुखतंय का लई?" मी म्हटलं, "दुखतंय, पर सोसते." शंकर समोर पुड्या बांधत होता. त्याच्याकडं बघून मी असं खोटं बोललो. लोकांशी खोटं बोलताना मला कधी एवढं सोपं गेलं नव्हतं.

आपल्या शेताला एक दिवस राहिला होता. सोनावहिनीचं भात चाललं होतं. तू तिच्या शेजारी कापणीच्या पातीला बसली होतीस आणि दोघी कुणाच्या तरी सुनेवरनं कुजबुजत होतात, मी मागनं भारे बांधत होतो. उन्हं चढली होती. तू एकदम विळा खाली ठेवलास. तू विळा मातीत कधी ठेवायची नाहीस.

"काय झालं गं?"

"छातीवर भारा ठेवल्यावानी हुतंय."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "पित्त असंल. सकाळी बिनखाता चहा ढोसतीस." मी असं म्हणालो, धुरपे. सोनावहिनीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिच्या पोराला खाली जीप बघायला पळवलं. तिला कळलं. मला पण कळलं होतं, तुझ्या कपाळावरचा घाम बघूनच कळलं होतं.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू एकदा म्हणालीस, "इळा राहिला तितंच." मी म्हटलं, "सोना आणंल." तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तू शुद्धीवर होतीस. नंदानं गोळी बंद करायला सांगितली होती, एवढंच वाक्य. पण मला वाटलं, आता सांगितलं तर तू काय म्हणशील. तू काहीच म्हणाली नसतीस. भोरच्या अलीकडंच तू थंड पडलीस.

डॉक्टरला मी विचारलं, गोळीनं झालं का? तो म्हणाला, एका माणसाचं असं सांगता येत नाही. वय होतं, झालं असतं, नसतं झालं. मी हनीफभाईला विचारलं, तो पण तेच म्हणाला. मी दवाखान्याच्या कट्ट्यावर बसलो होतो तेव्हा नंदा पुण्याहून आली. तुला बघून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"आबा, तुमी बंद केली होती ना?"

"व्हय."

तिनं तोंड झाकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे आधीच झालं हुतं. दोन वर्सं खाल्ली तिनं. मीच म्हणाले हुते, चांगली हाय, आमच्या कामातली हाय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी कुठल्या तोंडानं ठेवला, मला माहीत नाही.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी मी अंगणात बसलो होतो. विळ्यांचा आवाज आला म्हणून बघितलं, तर बाकीची तिन्ही घरं आपल्या खाचरात उतरलेली. मला कुणी विचारलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. सोनावहिनीच्या हातात तुझाच विळा. आपल्या घरातलं एकही माणूस नव्हतं आणि कुणी त्याचा शब्द काढला नाही. दुपारपर्यंत कापून, भारे खळ्यावर लावून गेली. सोनावहिनीचा मालक जाताना माझ्याजवळ टेकला. म्हणाला, "दादा, जेवला का?" बास. मी ज्याच्या एका थट्टेला भ्यायलो होतो तो हा माणूस. गोळी बंद केली असती, तू घरी पडून राहिली असतीस, तरी ही माणसं अशीच आली असती. हे मला आधी माहीत नव्हतं का? दोन वर्षं बघितलं होतं की मी.

तुझ्या पुण्यानुमोदनानंतर नंदा पुण्याला गेली आणि परवा शनिवारी परत आली, तुझी पेटी आवरायला. खळ्यावर भाऱ्यांना टेकून बसलो होतो दोघं. ती म्हणाली, "आबा, नोकरी सोडते. चिठ्ठी लिहून ठेवलीय. सोमवारी देते."

"का?"

"त्या यंत्रासमोर बसवत न्हाई आता. ते एखाद्या कणाला पहिला नंबर देतं, आन मला आईचा हात दिसतो."

तुला गोळी मी चारली आणि नोकरी ती सोडणार. पोर जन्मभर स्वतःला खात बसणार आणि मी शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवणार. मी म्हटलं, "नंदे, तुला एक सांगायचंय." आणि सांगितलं. पहिला फोन, दुसरा फोन, अकरा दिवस रोज सकाळी मी गोळी काढून दिली ते, बैलजोडीचं, सगळं. तिच्याकडं न बघता सांगितलं. भाऱ्यातली एक लोंबी हातात घेऊन दाणे सोलत सोलत सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, खळ्याच्या कडेपर्यंत गेली, परत आली.

"आईला सांगितलं असतं, तर ती काय म्हणाली असती?"

मी खरं सांगितलं. "म्हणाली असती, कापणी हुऊ दे, मग बघू. खाल्लीच असती तिनं. सावडीतनं नाव काढायचं तिला माझ्याहून जड जायचं."

"खाल्ली असती," नंदा म्हणाली. "मला बी तसंच वाटतं."

मला वाटलं, सुटलो. खरंच क्षणभर तसं वाटलं.

"पर ते तिनं म्हणायचं हुतं, आबा. तुमी न्हाई." तिचा आवाज आता फाटला. "आमी त्या यंत्राला दोन तरी प्रश्न विचारले. तुमी तिला एक बी विचारला न्हाई."

त्यानंतर तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, स्वतः जेवली नाही. तुझी लुगडी घड्या घालून पेटीत ठेवत बसली.

माणूस चुकला तर काय, असं तू विचारलं होतंस. मी आता उत्तर देऊ शकतो, पण तू भांडायला नाहीस. यंत्राला कुणी तिसरा प्रश्न शिकवला नाही म्हणून त्याला तो आला नाही. मला शिकवायला कोण पाहिजे होतं? मला माहीत होतं विचारायला पाहिजे. तू समोर बसली होतीस, विळ्याला धार लावत, विचारत होतीस, "आन?" मी पुण्याची थंडी सांगितली. यंत्राला लाज वाटत नाही, म्हणून ते लाजेपायी काही दडवत पण नाही. माझ्या चुकीत आणि त्याच्या चुकीत एवढा फरक आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही.

गोळीनं तुला दोन वर्षं उभं केलं हे पण खरं. ती दोन वर्षं मी परत करा म्हणत नाही. तू चिखलात उभी राहून मला शिव्या घालत होतीस, ती दोन वर्षं. फक्त शेवटचे अकरा दिवस तुझे होते, ते तुझ्या हातात द्यायला पाहिजे होते. तू ते विळ्यावरच घालवले असतेस, मला ठाऊक आहे. तरी तुझे होते.

काल रविवारी सकाळच्या एसटीला नंदाला सोडायला खाली गेलो. ती पुढं, मी मागं. उतरणीला तिनं एकदा पण वळून बघितलं नाही, पण घसरणीची जागा आली तिथं थांबली, मी उतरेपर्यंत. स्टँडवर दोघंच होतो. मला म्हणायचं होतं, पोरी, नोकरी सोडू नको. तुझ्या आईला तुझा किती अभिमान होता. तू सोडलीस तर तिथं दुसरं कोण तरी बसंल आणि त्याला हृदयाचं विचारायचं सुचायचं नाही. तुला सुचंल, तू आईला गमावलंस, तू आता प्रत्येक कणाला विचारशील. हे सगळं मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. आणि 'तुझ्या आईची पण हीच इच्छा असती' असं शेवटी जोडायचं होतं. ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. तुझी इच्छा मी कोण सांगणार? परत तेच.

गाडी आली. नंदानं पिशवी वर टाकली.

"चिठ्ठीचं काय करणार हाईस?" मी एवढंच विचारलं.

ती पायरीवर थांबली.

"उद्या जाते कामावर. द्यायची का न्हाई ते तितं गेल्यावर बघीन. मी ठरवीन."

"बरं," मी म्हटलं.

कंडक्टरनं घंटी मारली. ती आत गेली, पलीकडच्या बाजूला बसली, मला दिसली नाही. धुरपे, मी तिथंच उभा राहिलो. तोंडात अजून बरंच काही होतं, ते मी गिळलं. आज सोमवार आहे. ती आता कामावर पोचली असेल, चिठ्ठी पिशवीत असेल नाहीतर टेबलावर. मला माहीत नाही. येत्या रविवारी फोन आला तर मी आधी तिला बोलू देईन.